ईजीएफआर एकच, मग नंबर दोन कसे?

प्रश्न : मॅडम, मी एमएस्सीला आहे, प्रोजेक्ट ईजीएफआर सिग्नलिंगवर, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचं हे प्रोटीन आत संदेश कसा पोचवतं यावर आहे. पेपरमध्ये टायरोसिन १०६८ ला (म्हणजे साखळीतल्या १०६८ व्या अमिनो ॲसिडला) फॉस्फेट लागतो असं लिहिलंय, पण युनिप्रॉट हा प्रोटीन्सचा डेटाबेस उघडला तर तिथे १०९२ दिसतं. चूक कोणाची? आणि स्ट्रिंग या प्रोटीन्सच्या संबंधांच्या डेटाबेसमध्ये ईजीएफआरपासून ज्या ढीगभर रेषा निघतात, त्या सगळ्या प्रोटीन्सना ते खरंच चिकटतं का?

उत्तर : चूक कोणाचीच नाही गं, दोघं वेगवेगळ्या ठिकाणाहून मोजतायत. ईजीएफआर तयार होताना सुरुवातीला २४ अमिनो ॲसिडचा सिग्नल पेप्टाइड असतो, तो नंतर कापला जातो. जुन्या पेपरवाल्यांनी कापल्यानंतरच्या प्रोटीनपासून मोजलं, युनिप्रॉट पूर्ण साखळीपासून मोजतं, म्हणून १०६८ मध्ये २४ मिळव, झालं १०९२. तसंच ११७३ चं ११९७. आणि गंमत म्हणजे कॅन्सरमधलं प्रसिद्ध म्युटेशन एल८५८आर (८५८ व्या जागी ल्युसिनऐवजी आर्जिनिन) पूर्ण साखळीच्या हिशोबाने लिहितात, त्यामुळे एकाच पेपरात दोन्ही मोजण्या सुखाने नांदतात आणि कोणी सांगतही नाही! थिसिसमध्ये कुठली मोजणी धरलीस ते एकदा स्पष्ट लिही, बाकी भांडणं मिटतील.

आता स्ट्रिंग. तिथली रेषा म्हणजे चिकटणं नव्हे, फक्त "या दोघांचा काहीतरी कामाचा संबंध आहे" एवढंच, आणि तो संबंध प्रयोगातून आला असेल, दोन्ही जीन्स सोबत चालू-बंद होतात म्हणून असेल, किंवा पेपरांच्या मजकुरात दोन्ही नावं सारखी शेजारी येतात म्हणूनही असेल. स्कोअर ०.९ आला म्हणजे घट्ट चिकटतं असं अजिबात नाही, तो संबंध खरा असण्याबद्दलचा भरवसा आहे. ईजीएफआर आणि केरास या प्रोटीनचंच बघ ना, मधे जीआरबी२ आणि एसओएस१ ही आणखी दोन प्रोटीन्स आहेत, तरी रेषा थेट दिसते. सेटिंगमध्ये फिजिकल नेटवर्क निवडलंस की बऱ्याच रेषा गळतात, आणि मूळ प्रयोग कुठला ते बघायला बायोग्रिड या डेटाबेसमध्ये जा.

पण तुला सिग्नलिंग करायचंय, तर माझ्या मते खरा उपयोग सिग्नॉर या डेटाबेसचा, कारण तिथे बाण असतो : कोण कोणाला चालू करतं, कोण बंद करतं, आणि बहुतेक वेळा कुठल्या जागी फॉस्फेट लावून. फॉस्फेटच्या जागा फॉस्फोसाइटप्लस या डेटाबेसमध्ये बघ, मात्र तिथे ती जागा फक्त मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या (रेणू वजनावरून ओळखण्याच्या पद्धतीच्या) मोठ्या स्क्रीनमध्ये दिसलीय की कोणी त्या एका जागेवर नीट काम केलंय, हे वेगवेगळं दिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. केग आणि रिअॅक्टोम हे डेटाबेस सिग्नलची पूर्ण वाट समजायला छान.

आणि हो, शोधताना नावावर विसंबू नकोस, ईआरके२ या प्रोटीनचं जीन म्हणजे मॅपके१ आणि ईआरके१ चं म्हणजे मॅपके३, हमखास उलटं होतं. अॅक्सेशन नंबर (युनिप्रॉटमधला प्रोटीनचा ओळख क्रमांक) टाक, माणसाच्या ईजीएफआरचा पी००५३३. उंदराचा वेगळा आहे.