विकिपीडियावरचा माझा पहिलाच लेख वगळला गेला. नवख्याने तिथल्या रीतीभाती शिकायच्या कुठून?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: एका हयात कवीवर तुम्ही लेख लिहिलात, काही तासांत त्यावर वगळण्याचा साचा, म्हणजे तयार सूचनेची चौकट, लागला, दुसऱ्या दिवशी पान गायब, आणि तुमच्या चर्चा पानावर नियमांच्या दुव्यांनी भरलेला एक कोरडा निरोप. आता तुम्ही विचारताय की हे ठरवतं कोण, लेख परत आणता येईल का, आणि दुसऱ्या नावाने खातं उघडून तो पुन्हा टाकावा का.

शेवटच्याचं उत्तर आधी देतो: अजिबात नको. एकाच माणसाने दोन खात्यांतून तेच घोडं पुढे दामटणं ही तिथे फसवणूक समजली जाते. खात्यांची तांत्रिक पडताळणी करण्याचे अधिकार मोजक्या सदस्यांकडे असतात आणि एकदा तो शिक्का बसला की पुढे तुमचं साधं शुद्धलेखनाचं संपादनही लोक दहादा तपासतात. एक पान वगळलं गेलं म्हणून तुमचं नाव खराब झालेलं नाही, ते उगाच खराब करून घेऊ नका.

ठरवतं कोण? विकिमीडिया फाउंडेशन ही संस्था सर्व्हर, सॉफ्टवेअर आणि कायदेशीर बाजू सांभाळते. कुठला लेख ठेवायचा आणि कुठला नाही, यात ती सहसा पडत नाही. ते सदस्य ठरवतात. पान वगळण्याचं बटण ज्यांच्याकडे असतं ते प्रचालकही तुमच्या-आमच्यासारखेच बिनपगारी, इतर सदस्यांनी निवडलेले. तुम्हाला आलेला निरोप बहुधा कुणी बसून लिहिलेलाच नाही. तो तयार साचा असतो, दोन क्लिकमध्ये डकवला जातो. माझ्या मते या साच्यांची भाषा वाईट आहे, कोर्टाची नोटीस आल्यासारखं वाटतं. 'नवख्यांना चावू नका' असं एक जुनं मार्गदर्शक तत्त्व तिथेच लिहून ठेवलंय, पण साचे लिहिणाऱ्यांनी ते वाचलेलं दिसत नाही. तरीही एवढं धरून चाला की तुमच्यावर कुणी चिडलेलं नाही.

आता शिकायचं कुठून. नियमांची पानं वाचून काढा असा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. मी म्हणेन, ती नंतर. आधी 'इतिहास' वाचायला शिका. प्रत्येक लेखाच्या माथ्यावर ही कळ असते आणि नवखे तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्या लेखात झालेला प्रत्येक बदल तिथे तारीख, वेळ, करणाऱ्याचं नाव आणि त्याने दिलेलं कारण यांसकट जपलेला असतो. तुम्हाला ज्यातलं थोडंफार कळतं अशा विषयावरचा, बऱ्याच जणांचा हात फिरलेला एखादा लेख उघडा आणि लागोपाठच्या दोन आवृत्त्यांची तुलना करून बघा.

समजा डावीकडे, म्हणजे जुन्या आवृत्तीत, असं दिसतं: "आपल्या ओघवत्या लेखणीने रसिकमनावर अधिराज्य गाजवणाऱ्या ज्येष्ठ व सुप्रसिद्ध कवयित्री मा. अमुक यांचा जन्म एका सुसंस्कृत कुटुंबात झाला. नुकताच त्यांना एक मानाचा पुरस्कार मिळाला." आणि उजवीकडे: "अमुक या मराठी कवयित्री आहेत. २०१९ साली त्यांच्या तमुक या संग्रहाला अलाण्या संस्थेचा पुरस्कार मिळाला.[३]"

काय काय गेलं बघा. 'ज्येष्ठ', 'सुप्रसिद्ध', 'मा.' गेले, कारण हे लेखकाचं मत झालं आणि विकिपीडियाला स्वतःचं मत नसतं. 'सुसंस्कृत' गेलं, कारण ते प्रमाणपत्र कुणी दिलं याचा पत्ता नाही. 'नुकताच' गेलं, कारण हे वाक्य कुणी दहा वर्षांनी वाचलं तर तो पुरस्कार तेव्हाही नुकताच मिळालेला असेल. आणि जे उरलं त्याच्या शेपटाला संदर्भाचा आकडा आला. तटस्थ दृष्टिकोन, पडताळण्याजोगा मजकूर आणि स्वतःचं संशोधन नको, ही जी तीन मोठी धोरणं तुम्हाला त्या निरोपातल्या दुव्यांत भेटली, ती एका तुलनेत डोळ्यांसमोर येतात. अशा काही तुलना बघितल्या की मानपत्राची भाषा हातातून आपोआप सुटते. तुमचा लेख मी पाहिलेला नाही, पण पहिल्या लेखात ही भाषा नसेल तर मला नवल वाटेल.

जाता जाता एक: इतिहासात प्रत्येक बदलापुढे हिरवा किंवा लाल आकडा असतो. तो अक्षरांचा नाही, बाइटचा असतो. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, तीन बाइट घेतं. नुसता 'मराठी' हा शब्द घातला तरी +१५ दिसतं. तेव्हा लाल रंगात −९०० पाहून कुणीतरी अर्धा लेख उडवला म्हणून भांडायला धावू नका. तीनेकशे चिन्हांचा एक परिच्छेद आहे तो.

तुमच्या बाबतीत एवढी घाई का झाली, त्याचं एक कारण म्हणजे कवी हयात आहे. यामागे इतिहास आहे. अमेरिकी पत्रकार जॉन सीगेनथेलर यांच्यावरच्या इंग्रजी लेखात २००५ साली कुणीतरी खोडसाळपणे लिहून ठेवलं की केनेडी बंधूंच्या हत्यांमध्ये त्यांचा हात असल्याचं मानलं जात होतं. ते धादांत खोटं वाक्य चार महिने तिथे राहिलं. बोभाटा झाल्यावर त्याच वर्षीच्या डिसेंबरात इंग्रजी विकिपीडियाने खातं नसलेल्यांची नवं पान काढण्याची मुभा बंद केली, आणि हयात व्यक्तींबद्दलचं वेगळं, कडक धोरणही त्याच सुमाराला आकाराला आलं. तेव्हापासून हयात माणसावरचा बिनसंदर्भाचा मजकूर दिसला की आधी काढा, मग बोला, अशी रीत पडली आहे. प्रत्येक भाषेतला विकिपीडिया आपले नियम आपण ठरवतो, त्यामुळे इंग्रजीतलं सगळंच इकडे जसंच्या तसं लागू होत नाही. ही रीत मात्र जवळपास सगळीकडे आहे.

'उल्लेखनीयता नाही' हे कारण वाचून तुम्हाला वाईट वाटलं असणार. कवी किती चांगला, हा प्रश्न तिथे कुणी विचारलेलाच नाही. त्याच्याशी लागेबांधे नसलेल्या कुणी त्याच्यावर तपशिलाने लिहिलंय का, एवढंच बघतात. संग्रहाचं छापून आलेलं परीक्षण, समीक्षाग्रंथातलं प्रकरण, वृत्तपत्रातला स्वतंत्र लेख हे चालतं. प्रकाशकाचा मलपृष्ठावरचा मजकूर, कवीचं स्वतःचं संकेतस्थळ, समाजमाध्यमावरच्या नोंदी आणि कार्यक्रमाची दोन ओळींची बातमी यांचा या कामी उपयोग नाही. आणि एका गोष्टीकडे डोळ्यांत तेल घालून बघा: बातमीदाराने विकिपीडियावरून उचललं आणि मग विकिपीडियाने त्याच बातमीचा दाखला दिला, असं गोल फिरणारं प्रकरण वाटतं त्यापेक्षा खूप जास्त आढळतं.

मलपृष्ठावरचा मजकूर तुम्ही जसाच्या तसा घेतला असेल तर तेवढ्यानेही पान वगळतात. विकिपीडियावर तुम्ही लिहिता ते क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मुक्त परवान्याखाली जातं, म्हणजे ते कुणीही, अगदी धंद्यासाठीही, श्रेय देऊन वापरू शकतो. दुसऱ्याचा मजकूर असा वाटून टाकायचा अधिकार तुम्हाला नाही. फोटोचंही तेच. 'कवींनी स्वतः दिला आहे' असं लोक भाबडेपणाने लिहितात, पण फोटोचा हक्क सहसा काढणाऱ्याचा असतो, फोटोत दिसणाऱ्याचा नाही.

लेख परत मिळू शकतो. वगळलेलं पान नष्ट होत नाही, सामान्य वाचकांच्या नजरेआड जातं. प्रचालकांना ते दिसतं आणि ते परत आणता येतं. ज्यांनी वगळलं त्यांच्या चर्चा पानावर जा आणि एवढंच लिहा: "नमस्कार. मी तयार केलेलं अमुक हे पान आपण उल्लेखनीयतेच्या कारणावरून वगळलं आहे. या कवीच्या संग्रहांची दोन स्वतंत्र परीक्षणं मला मिळाली आहेत. मजकूर माझ्या धूळपाटीवर हलवता येईल का? संदर्भ जोडून मी पुन्हा दाखवतो." धूळपाटी म्हणजे तुमचं स्वतःचं कच्च्या लिखाणाचं पान. निरोपाच्या शेवटी चार टिल्डे (~~~~) टाका, म्हणजे नाव आणि वेळ आपोआप उमटते. मेहनतीचा उल्लेख नको, रात्रभर जागल्याचा तर नकोच. नियम काय आणि पुरावा काय, एवढ्याच भाषेत बोला, उत्तर लवकर येतं. मजकूर उचललेला निघाला तर मात्र तो परत मिळणार नाही. मग नव्याने, स्वतःच्या शब्दांत लिहावं लागेल.

पुढे तुमचा एखादा बदल कुणी उलटवला, तर तो पुन्हा उलटवू नका. लेखाच्या चर्चा पानावर कारण विचारा. इंग्रजीत चोवीस तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा उलटवणाऱ्याला बंदी येऊ शकते. इतर ठिकाणी आकडा लिहिलेला असो-नसो, अशी खेचाखेच करणारा लोकांच्या लक्षात राहतो. संपादन जतन करताना खाली सारांशाची चौकट असते, तीही रिकामी सोडू नका. 'संदर्भ जोडला', 'वर्ष दुरुस्त केलं' एवढं पुरतं. नवख्याचा हेतू तपासणाऱ्याला आधी तिथेच दिसतो.

आणि त्या कवीचं म्हणाल, तर आधी संदर्भ हातात घ्या, मग लिहायला बसा. तीन-चार धड संदर्भ जमले तर धूळपाटीवर छोटासाच लेख करा आणि हलवण्यापूर्वी चावडीवर, म्हणजे सदस्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, दोन जुन्या सदस्यांना दाखवा. एकच मिळाला, तर ज्या पुरस्काराचा किंवा नियतकालिकाचा लेख आधीपासून आहे, तिथे त्या संदर्भासकट कवीची एक ओळ घाला. ती टिकेल, आणि स्वतंत्र पानाचं पुढच्या परीक्षणानंतर बघता येईल.