ॲम्बियंट संगीतात काहीच घडत नाही असं वाटतं. सुरुवात कोणत्या अल्बमपासून करावी आणि तो ऐकायचा कसा?

तुमची तक्रार खोटी नाही. ॲम्बियंट म्हणजे ताल-चालीपेक्षा नुसतं वातावरण उभं करणारं संथ संगीत. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकणाऱ्या एका मित्राने मला हे संगीत पहिल्यांदा पेन ड्राइव्हवर आणून दिलं, तेव्हा दहा मिनिटं ऐकून मी त्याला फोन केला, "अरे, हे सुरू कधी होतं?" तो म्हणाला, "झालंय की."

पेन ड्राइव्हवर होता तो रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन ईनो या जोडीचा 'इव्हनिंग स्टार', १९७५ सालचा. मी तुम्हालाही तोच सुचवेन. फ्रिप म्हणजे किंग क्रिम्झन या रॉक बँडचा गिटारवाला. ईनो रॉक्सी म्युझिक हा बँड सोडून सिंथेसायझर आणि टेपरेकॉर्डरच्या नादी लागलेला. 'ॲम्बियंट' हे नाव ईनोने १९७८ च्या 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'वर छापलं, म्हणजे हा अल्बम बारशाच्या आधीचा.

यात घडतं काय ते कळायला ही करामत डोळ्यांसमोर आणा. रीळवाले दोन टेपरेकॉर्डर शेजारी शेजारी ठेवलेत. टेप पहिल्यावरून निघते आणि मधली मोकळी जागा ओलांडून दुसऱ्याच्या रिळावर गुंडाळली जाते. पहिलं मशीन गिटार रेकॉर्ड करतं, दुसरं तेच काही सेकंदांनी वाजवतं, आणि तो आवाज पुन्हा पहिल्याकडे जातो. म्हणजे फ्रिपने एक सूर लावला की थोड्या वेळाने तो परत येतो, मग आणखी एकदा, दरवेळी जरा पुसट होऊन. तोवर त्याने त्यावर दुसरा सूर ठेवलेला असतो.

मला हे कळलं ते तंबोऱ्यामुळे. गाणं शिकायला जायचे तेव्हा आमच्या बाई पहिली पंधरा मिनिटं गाऊ द्यायच्या नाहीत. तंबोरा मांडीवर घेऊन नुसतं छेडत बसायचं. चार तारा: पंचम, जोडाच्या दोन, खर्ज. पंचम विरायच्या आत जोड वाजते, तिच्यावर खर्ज येतो, आणि खर्ज घुमतोय तोच पुन्हा पंचम. पहिले काही दिवस मला भिंतीवरच्या घड्याळाशिवाय काही दिसलं नाही. मग एका दुपारी बाईंनी घोडीवरचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवरचा, जवारीचा दोरा केसभर सरकवला आणि त्याच तारेतून मी कधी छेडलेला नव्हता असा गंधार ऐकू आला. या अल्बममध्ये घडतं ते याच मापाचं असतं. फरक एवढाच की तंबोऱ्याची तार दर फेरीला नव्याने छेडली जाते, टेपवरचा सूर मात्र फेरीगणिक झिजत जातो. मला ते झिजणं ऐकायलाच जास्त आवडतं.

टेपची ही युक्ती फ्रिप-ईनो जोडीच्या आधी, १९६० च्या दशकात, टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराने वापरली होती. तोच रायली १९७० मध्ये पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला, आणि प्राणनाथ किराणा घराण्याचे गायक. सवाई गंधर्वांचं घराणंही हेच, ज्यांच्या नावाचा महोत्सव पुण्यात १९५३ पासून चालतो. पण म्हणून 'बघा, सगळं आपल्याकडूनच गेलं' असं म्हणत सुटू नका (पुण्यात हे सांगावं लागतं). रायलीकडे टेप आधी आली, तंबोरा नंतर.

ऐकायचं कसं? मोबाइलच्या स्पीकरवर नको, खालचा घुमारा त्यात येतच नाही. साधे हेडफोन चालतील. आवाज बेताचाच ठेवा. 'विंड ऑन वॉटर'पासून सुरू करा, साडेपाच मिनिटांचंच आहे. मग 'इव्हनिंग स्टार' हा तुकडा. बारीक किणकिणणारी गिटार तेच तेच म्हणत राहते आणि वरून फ्रिपचा एक लांब सूर येतो, तार छेडल्यासारखा नाही, व्हायोलिनच्या गजाने ओढल्यासारखा. तो आला की हातातलं काम थांबवा. बाकी वेळ भाजी निवडत ऐकलंत तरी चालेल.

रेकॉर्डची दुसरी बाजू मात्र मागे ठेवा. 'ॲन इंडेक्स ऑफ मेटल्स' हे अठ्ठावीस मिनिटांचं प्रकरण हळूहळू कर्कश होत जातं, पहिल्या बाजूच्या गोडव्याचा मागमूस नाही. मला ते आवडायला दोन पावसाळे लागले. आणि रात्री अकरानंतर स्पीकरवर तर लावूच नका. मी एकदा लावलं होतं. विसाव्या मिनिटाला खालचे काका बॅटरी घेऊन वर आले आणि दारातूनच म्हणाले, "पाण्याची मोटार चालू राहिलीय वाटतं, टाकी बघता का जरा?"