सावळ्या माणसाला त्वचेचा कॅन्सर होत नाही, हे खरं का?

कमी होतो, पण होतो. त्वचेला सावळा रंग देणारं मेलॅनिन उन्हापासून बरंच वाचवतं. मात्र सावळ्या लोकांत मेलॅनोमा, म्हणजे त्वचेच्या कॅन्सरचा एक घातक प्रकार, बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली निघतो, आणि तिथे मुद्दाम बघतो कोण? 'चप्पल चावली असेल' म्हणत महिने जातात.

जमैकाचा गायक बॉब मार्ली याचंच घ्या. पायाच्या अंगठ्याची जखम फुटबॉलमुळे झाली असं वाटत होतं. १९७७ मध्ये मेलॅनोमा निघाला. अंगठा कापायला त्याने नकार दिला. नखाखालचा भाग काढून तिथे मांडीची कातडी लावली. १९८१ मध्ये, ३६व्या वर्षी तो गेला.

नखातल्या काळ्या उभ्या रेघा आपल्याकडे बहुतेकदा निरुपद्रवी असतात. पण एकाच नखातली रेघ रुंदावत असेल, काळेपणा कडेच्या कातडीवर उतरला असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाला लगेच दाखवा.