गेमचं अपडेट लांबलं तर पब्लिकला काय सांगायचं
भावा, तारीख लिहूच नकोस, तू "बहुतेक शुक्रवारी" म्हणतोस आणि पब्लिक त्यातलं "बहुतेक" खाऊन टाकतं. फोनवरचा गेम असेल तर अपडेट ॲप स्टोअरवाल्यांच्या तपासणीत (रिव्ह्यू) पास व्हावं लागतं, ते आपल्या हातात नसतं, हे आधीच सांगून ठेव. स्टारड्यू व्हॅली या गेमचं १.६ अपडेट पीसीवर मार्च २०२४ ला आलं आणि मोबाईल-कन्सोलवाले थेट नोव्हेंबरपर्यंत ताटकळले, पण डेव्हलपर मधूनमधून काम कुठवर आलंय ते सांगत राहिला म्हणून बऱ्याच जणांनी सांभाळून घेतलं (शिव्या घालणारे होतेच, ते कायम असतात). "लवकरच" तर अजिबात नको. उशीर होणार हे कळलं की त्याच दिवशी सांग, नेमकं काय अडलंय तेही सांग, आणि चिडलेल्यांचे मेसेज डिलीट मारत बसू नकोस, त्याने अजून पेटतात.