अचानक अ‍ॅव्हरेज पडलं तर

भाऊ, लगेच इंजिन खोलायला हो म्हणू नकोस. आधी टाकी फुल कर, 200 किलोमीटर चालव, त्याच पंपावर पुन्हा फुल करून हिशेब काढ. टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना बघ. मग 10 किलोमीटर फिरवून चारही चाकांजवळ हात ने, पण रिमला लावू नकोस. एकच चाक जास्त तापलं असेल तर बहुतेक ब्रेक चिकटतोय. माझं मागचं डावं चाक असंच निघालं. हँडब्रेकची केबल गंजून अडकली होती. हायवेवरही टेंपरेचरचा काटा वर येत नसेल तर थर्मोस्टॅट (इंजिनचं पाणी गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडाच अडकला असेल, मग थंड इंजिन जास्त पेट्रोल पितं. चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर आधी गाडीला मशीन लावून, कुठला बिघाड नोंदलाय ते स्कॅन करून घे.