वाचकांचे प्रश्न : बंदरातला सोनार

प्रश्न : पाण्यात ध्वनी सोडून प्रतिध्वनीवरून वस्तू शोधणाऱ्या सोनार यंत्राच्या माहितीपत्रकात ‘पाणबुड्या (पाण्याखालून पोहत येणारा माणूस) ८०० मीटरवरून टिपतो’ असे छापलेले असते. मुंबईच्या गढूळ पाण्यात तेवढा पल्ला मिळतो का?

उत्तर : क्वचितच. पण बोल गाळाला लावू नका. गाळ प्रकाश अडवतो, ध्वनी फारसा नाही. पाणबुडे शोधणारे सोनार साधारण ६० ते १०० किलोहर्ट्झवर चालतात. या पट्ट्यात खारे पाणीच ध्वनी शोषते. १०० किलोहर्ट्झला किलोमीटरमागे तीसेक डेसिबल जातात आणि प्रतिध्वनीला परतीच्या वाटेवर तेवढाच फटका पुन्हा बसतो. त्यात बंदर उथळ, त्यामुळे तळ आणि लाटा यांचेच प्रतिध्वनी पडदा भरून टाकतात.

खरी मेख तापमानात आहे. पाणी एका अंशाने तापले की ध्वनीचा वेग सेकंदाला अडीच-तीन मीटरने वाढतो, आणि ध्वनी नेहमी कमी वेगाच्या थराकडे वळतो. उन्हाळ्यात दुपारी वरचे पाणी तापते, झोत तळाकडे झुकतो, आणि सकाळी नीट दिसणारे लक्ष्य तीन वाजता गायब होते. पावसाळ्यात खाडीचे गोडे पाणी वर तरंगते, तेव्हा तोच झोत वर वळून लाटांवर आपटतो. म्हणून खोलीनुसार तापमान आणि क्षारता ऋतूऋतूला मोजावी, शक्यतो भरती-ओहोटी दोन्हींना, आणि संवेदक कोणत्या खोलीवर बसवायचा ते त्यावरून ठरवावे. पत्रकातला आकडा बहुतेकदा तोंडाने बुडबुडे सोडणाऱ्या पाणबुड्याचा असतो. बंद चक्राच्या, म्हणजे सोडलेला श्वास आतच पुन्हा वापरणाऱ्या श्वसनयंत्राने बुडबुडे जवळपास नाहीसे होतात आणि पल्लाही घटतो. विकत घेताना चाचणी त्याच यंत्रावर मागावी.

प्रश्न : खोटे इशारे फार येतात. संवेदनशीलता कमी करावी का?

उत्तर : अजिबात नको, तसे केले तर आधी पाणबुड्याच हातचा जाईल. आधी प्रवाहाचा वेग वजा करा. ओंडका, प्लास्टिकचा गठ्ठा पाण्याबरोबर वाहतो, म्हणून पाण्याच्या तुलनेत त्याचा वेग शून्य निघतो. पाणबुड्या सेकंदाला सुमारे अर्धा मीटर पोहतो आणि रोख धरून येतो. मासे भरकटतात, डॉल्फिन झपाट्याने जातो आणि श्वासाला वर येतो. सेकंदाला अर्धा मीटर म्हणजे साधारण एक नॉट (ताशी एक सागरी मैल). दीड-दोन नॉटच्या उलट्या प्रवाहात त्याला पुढे सरकता येत नाही. त्यामुळे भरती-ओहोटीच्या मध्ये पाणी थबकते ती वेळ पहाऱ्यावरच्या माणसाने डोळ्यांत तेल घालून काढावी.

जहाज गेल्यावर मागे राहणारा बुडबुड्यांचा पट्टा मात्र काही मिनिटे सोनारला आंधळा करतो. १८-१९ डिसेंबर १९४१ च्या रात्री इटालियन पाणबुडे इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया बंदरात शिरले ते परतणाऱ्या ब्रिटिश विनाशिकांसाठी बंदराच्या तोंडावरच्या अडथळ्याचे दार उघडले तेव्हा, त्यांच्या मागोमाग. त्यांनी लावलेल्या स्फोटकांनी ‘क्वीन एलिझाबेथ’ आणि ‘व्हॅलियंट’ या दोन ब्रिटिश युद्धनौका तळाला टेकल्या. प्रवेशमार्गाच्या दोन बाजूंना दोन संवेदक हवेत ते याचसाठी: एकाच्या आड पट्टा आला तर दुसरा पाहतो.

प्रश्न : तळाशी आधीच ठेवलेली वस्तू हा सोनार पकडेल का?

उत्तर : भरवसा धरू नका, ती हलतच नाही. त्यासाठी बोटीमागे ओढायचा, दोन्ही बाजूंच्या तळाचे चित्र काढणारा साइड-स्कॅन सोनार लागतो, चारेकशे किलोहर्ट्झच्या पुढचा. बर्थ (जहाज बांधायची जागा) आणि जहाजांच्या वळणाच्या जागेचे स्वच्छ चित्र आधी घेऊन ठेवा, मग दरवेळी त्याच मार्गाने, त्याच दिशेने फिरा. दिशा बदलली की सावल्या बदलतात आणि जुना टायरही नवा वाटतो. गाळ उपसल्यावर आधारचित्र नव्याने घ्यावेच लागते.