गॅल १६व्ही८ (आपल्याला हवं ते लॉजिक भरायची चिप) साठी हेक्स फाईलचं नाव बदलून जेईडी केली तर प्रोग्रामर (चिपमधे फाईल भरायचं यंत्र) घेईल का?

नाही हो, नाव बदललं म्हणून आतला माल थोडीच बदलतो. मी रबाळे एमआयडीसीत जुन्या मशीनचे कंट्रोल बोर्ड रिपेअर करतो, हे उद्योग करून झालेत.

आधी फाईल नोटपॅडमधे उघडा. ओळी कोलनने सुरू होतायत आणि शेवटची ओळ :०००००००१एफएफ अशी असेल तर ती इंटेल हेक्स, त्यात अमुक पत्त्यावर अमुक बाईट एवढंच असतं. गॅलला बाईटचं काय करायचंय, त्याला कुठला जोड ठेवायचा नि कुठला तोडायचा ते हवं. जेईडीत तेच असतं, ० म्हणजे ठेव, १ म्हणजे तोड. (या जोडांना फ्यूज म्हणतात. गॅलमधे खरा फ्यूज जळत नाही, सेल पुसून परत लिहिता येतात, पण गॅलच्या आधीच्या पॅल चिपच्या काळातलं नाव चिकटलंय ते चिकटलंय.)

१६व्ही८ च्या जेईडीत क्यूएफ२१९४ दिसायला हवं, एवढेच फ्यूज असतात त्याला. पहिले २०४८ म्हणजे ३२-३२ च्या ६४ ओळी, खरं लॉजिक तिथे, बाकी १४६ मधे आउटपुट उलटा की सुलटा, मोड कुठला वगैरे. ५८२८ किंवा ५८९२ दिसलं तर ती २२व्ही१० या दुसऱ्या चिपची.

आणि जेईडी मिळाली तरी ती फाईल म्हणूनच मागवा. वागळे इस्टेटच्या एका कस्टमरने वर्डमधे उघडून, कॉपी करून मेलमधे पेस्ट करून पाठवली होती, प्रोग्रामर आपला चेकसम एरर चेकसम एरर (चेकसम म्हणजे फाईल नीट आली का ते तपासायची बेरीज), केबल बदलली, ड्रायव्हर परत टाकला, अर्धा दिवस गेला. जेईडीत चेकसम दोन असतात, सी ने सुरू होतो तो फक्त फ्यूजचा आणि अगदी शेवटचे चार आकडे अख्ख्या फाईलचे, स्पेस नि एंटरसकट. सुरुवातीचं एसटीएक्स आणि शेवटचं ईटीएक्स ही न दिसणारी कॅरेक्टरं पेस्ट करताना उडाली होती. सी मात्र जुळत होता म्हणजे फ्यूज शाबूत, मग हेक्स एडिटरमधे ०२ आणि ०३ (त्याच दोन कॅरेक्टरांचे कोड) परत घातले, शेवटच्या चार आकड्यांच्या जागी ०००० केलं (म्हणजे तपासू नको, स्टँडर्डमधेच ही सूट आहे) आणि चिप लगेच प्रोग्राम झाली. सी जुळत नसेल तर मात्र ही शक्कल लढवू नका.

जुन्या चिपवरून कॉपी काढायची म्हणाल तर सिक्युरिटी बिट (कॉपी रोखणारं कुलूप) मारलेला असेल तर वाचून जे येतं ते खरं नसतं. फक्त ६४ बिटांची सिग्नेचर (बनवणाऱ्याने लिहून ठेवलेली खूण) वाचता येते, त्यात कधीकधी व्हर्जन नंबर सापडतो.

ती हेक्स फेकून देऊ नका पण, बहुतेक त्याच बोर्डावरच्या ईप्रॉमची (प्रोग्राम साठवणाऱ्या चिपची) असेल, काचेच्या खिडकीवर स्टिकर मारलेली चिप बघा. ओळीला १६ बाईट असतील आणि शेवटून दुसऱ्या ओळीचा पत्ता ७एफएफ० असेल तर ३२ केबी, म्हणजे २७सी२५६.